भिंतीवरचं आणि भिंतीतलं

रविवारी मराठी शाळा सुटली की घरी परतताना ‘सहज’ एखाद्या नव्या वसाहतीत डोकावून यायचं, हा आपल्यापैकी अनेकांचा ठरलेला कार्यक्रम असतो. फ्रिस्कोला असा, कॅरी-मॉरिसव्हिलला असा, नेपरव्हिलला असा किंवा न्यू जर्सीत असा. रस्त्याच्या कडेला झेंडे फडकत असतात. आजूबाजूच्या उघड्या मातीत मॉडेल होमपुढची हिरवळ उठून दिसते. दार उघडलं की कुठेतरी लावलेल्या मेणबत्तीचा मंद वास येतो. तासाभराने आपण बाहेर पडतो आणि गाडीत बसल्यावर नवराबायकोचं जे बोलणं सुरू होतं ते घराबद्दल नसतं, स्वयंपाकघरातल्या त्या लांबलचक आयलंडबद्दल असतं.

मला या लेखात त्या मॉडेल होमची आणि त्यापाठोपाठ येणाऱ्या डिझाइन सेंटरची समीक्षा करायची आहे. आपण नाटकाची समीक्षा करतो, सिनेमाची करतो, अधिवेशनातल्या जेवणाची तर पुढचं अधिवेशन येईपर्यंत करतो. पण जे प्रदर्शन पाहून आपण आयुष्यातलं सर्वांत मोठं कर्ज काढतो, त्याकडे मात्र आपण निव्वळ गिऱ्हाईक म्हणून बघतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नव्या घरात बिल्डर ज्या वाढीव गोष्टी विकतो त्या दोन प्रकारच्या असतात. काही भिंतीच्या आत, फरशीखाली, छतात जातात. त्या नंतर करायच्या तर घर फोडावं लागतं. काही भिंतीवर, फरशीवर, ओट्यावर बसतात. त्या पुढे कधीही बदलता येतात. मॉडेल होम आणि डिझाइन सेंटर या दोन्हींचा क्रम उलटा लावून दाखवतात. जे बदलता येतं त्यावर सगळा प्रकाश, आणि जे बदलता येत नाही ते छापील यादीत, बारीक अक्षरात. आणि एरवी पाच डॉलरच्या कूपनसाठी दुकान बदलणारे आपण तिथे अगदी सहज सापडतो.

आधी मॉडेल होम नीट पाहू. त्यात काय आहे यापेक्षा काय नाही ते मोजा. बहुतेक ठिकाणी गॅरेज नसतं, कारण गॅरेजमध्येच विक्रीचं ऑफिस थाटलेलं असतं. दोन गाड्या आत घेतल्यावर सायकली, फावडी आणि तांदळाची पोती कुठे मावणार हे कळायला मार्ग नाही. आतली काही दारं काढून ठेवलेली असतात, त्यामुळे खोल्या ऐसपैस वाटतात. चपलांचा ढीग नाही, कुकर नाही, वाळत घातलेले टॉवेल नाहीत. हे सगळं मी माफ करतो. नाटकाचा सेट म्हटला की एवढं चालायचंच.

माफ न करण्यासारखी एकच गोष्ट आहे. बाहेरच्या फलकावर ज्या घराची किंमत लिहिलेली असते, ते घर तिथे कुठेच नसतं. फलकावर असते बेस प्राइस. मॉडेलमध्ये असतं ते त्या किमतीवर पन्नास हजार, लाख, कधी त्याहूनही जास्त डॉलर चढवून सजवलेलं घर. मूळ घर, म्हणजे साधा गालिचा, साधी कपाटं, हॉलच्या छताच्या मधोमध एकच दिवा किंवा नुसतीच वायर असलेलं घर, कुणीच बांधून दाखवत नाही. ते फक्त करारात, तपशिलांच्या जोडपत्रात अस्तित्वात असतं. तुम्ही घेताय ते घर तुम्ही पाहिलेलं नाही आणि पाहिलेलं घर तुम्ही घेत नाही आहात, हे पहिल्याच भेटीत लक्षात आलं तर पुढचे निम्मे घोटाळे टळतात.

आपल्याकडचा, म्हणजे महाराष्ट्रातला ‘सॅम्पल फ्लॅट’ याच जातीचा. पण कायद्याने त्याच्याकडे कसं पाहिलं आहे ते बघण्यासारखं आहे. भारताच्या २०१६च्या रेरा कायद्यातलं १२वं कलम जाहिरात आणि माहितीपत्रकाच्या बरोबरीने ‘मॉडेल अपार्टमेंट’चाही उल्लेख करतं. त्यावर विसंबून पैसे भरले आणि दिलेली माहिती खोटी निघून नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. म्हणजे नमुन्याचं घर हे एक विधान आहे आणि विधान करणाऱ्यावर त्याची जबाबदारी आहे, असा तो विचार. अमेरिकेतल्या करारांत बहुधा याच्या उलट अर्थाचं कलम असतं: मॉडेलमधली सजावट केवळ प्रदर्शनासाठी आहे, खरेदीदार तिच्यावर विसंबून खरेदी करत नाही. त्या कलमापुढे आपण आद्याक्षरंही करतो. आणि मग वर्षभर त्याच सजावटीवर विसंबून राहतो.

आता क्रमाकडे या. समीक्षक म्हणून मला सर्वांत खटकतो तो हाच भाग.

बहुतेक मोठ्या बिल्डरांकडे निवडीचे दोन टप्पे असतात. पहिला टप्पा ‘स्ट्रक्चरल’ पर्यायांचा. तळमजल्यावर झोपायची खोली आणि पूर्ण न्हाणीघर हवं का, गॅरेज दोन फुटांनी लांब हवं का, बेसमेंट असेल तर त्याची उंची वाढवायची का, तिथे पुढे कधी बाथरूम करता यावं म्हणून पाइप आत्ताच टाकून ठेवायचे का. हे निर्णय करारावर सही करतानाच किंवा त्यानंतर एक-दोन आठवड्यांत द्यावे लागतात, कारण नकाशे परवानगीसाठी जायचे असतात. घर आवडल्याच्या आनंदात, आवडता प्लॉट दुसरा कुणी घेईल या धास्तीत, गॅरेजमधल्या त्या ऑफिसात, एका छापील तक्त्यावर आपण खुणा करतो. हात लावून बघावं असं समोर काहीच नसतं. रिकामी जागा कशी दाखवणार?

दुसरा टप्पा काही आठवड्यांनी येतो. त्यासाठी वेगळी इमारत, कॉफी, गुबगुबीत खुर्च्या आणि तीन-चार तास फक्त तुमच्यासाठी राखून ठेवलेली एक हसतमुख डिझायनर. कपाटांची दारं, क्वार्ट्‌झच्या लाद्या, नळ, मुठी, टाइल्स. सगळं हातात घेऊन बघता येतं, उजेडात धरता येतं. प्रत्येक गोष्टीच्या पायऱ्या असतात: लेव्हल एक, दोन, तीन, पुढे सहापर्यंत. शब्द बघा किती हुशारीने निवडलाय. ‘स्वस्त’ आणि ‘महाग’ म्हटलं असतं तर आपण स्वस्ताकडे गेलो असतो. आपल्याला त्याची लाज नाही. पण ‘लेव्हल एक’ म्हटलं की परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटतं. आणि पहिली ते दहावी पहिला नंबर सोडला नाही अशा माणसांनी भरलेला आपला समाज! मग आपण सहाकडे बघून घाबरतो आणि तीनवर समाधान मानून आपण काटकसर केली अशी समजूत करून घेतो. चार आणि सहा तिथे ठेवलेले असतात ते बहुतेक याचसाठी.

म्हणजे जो निर्णय घराच्या हाडांचा आहे त्याला वीस मिनिटं आणि एक कागद, आणि जो कपड्यांचा आहे त्याला अर्धा दिवस आणि कॉफी. यात कुणी खोटं बोलत नाही. बिल्डर दिसतं ते विकतो, आणि पाइप दिसत नाही, एवढंच.

पैशांकडे वळू. डिझाइन सेंटरमध्ये किंमत क्वचितच नुसती सांगितली जाते. ‘दहा हजार’ म्हटल्यावर आपला चेहरा पडला की लगेच, ‘कर्जात घातलं तर महिन्याला फक्त साठ-पासष्ट डॉलर’ असं उत्तर येतं. हिशेब खराच आहे. साडेसहा टक्के व्याजाने ३० वर्षांसाठी १०,००० डॉलर घेतले तर हप्ता सुमारे ६३ डॉलर पडतो. मात्र ३६० हप्त्यांचे मिळून साधारण २२,७५० डॉलर होतात. चाळीस हजारांच्या वाढीव गोष्टी घेतल्या तर महिना सुमारे २५३ आणि एकूण ९१ हजार. कर्ज आधी फेडलं किंवा व्याजदर उतरल्यावर बदलून घेतलं तर रक्कम कमी होईल, पण ‘फक्त’ हा शब्द तरी टिकत नाही.

माझा आक्षेप व्याजापेक्षा मुदतीला आहे. गालिचा ३० वर्षं टिकत नाही. घरात मुलं असतील तर दहा वर्षांत तो फेकून द्यायच्या लायकीचा होतो. त्याचा हप्ता मात्र आणखी वीस वर्षं चालू राहतो. डिशवॉशरचं तेच, नळाचं तेच. आपले वडील हप्त्याने फ्रीज घेत असत, पण फ्रीजच्या आधी हप्ता संपत असे. वस्तूचं आयुष्य आणि कर्जाचं आयुष्य शेजारी-शेजारी लिहून पाहा. भिंतीतला पाइप, तळमजल्यावरची खोली, मोठी खिडकी यांना तीस वर्षांचं कर्ज शोभतं. लेव्हल तीनच्या गालिच्याला शोभत नाही.

यावर तयार असलेलं उत्तर म्हणजे ‘क्रेडिट’. आमच्या ओळखीच्या बँकेकडून कर्ज घ्या, वीस हजारांचं डिझाइन क्रेडिट देतो. इथे दोन गोष्टी माहीत असाव्यात. एक, १९७४च्या रेस्पा कायद्यानुसार बिल्डर स्वतःशी संबंधित कर्जसंस्थेची सक्ती करू शकत नाही. तिच्याकडून कर्ज घेतलं म्हणून सवलत देऊ शकतो. तेव्हा बाहेरच्या दोन ठिकाणांहून व्याजदर आणि खर्चाचे लेखी आकडे आणून समोर ठेवायचे, आणि मग सवलत खरोखर सवलत आहे का ते बघायचं. दोन, क्रेडिट ही जत्रेतल्या टोकनांसारखी रक्कम आहे. ती त्याच जत्रेत, तिथल्याच भावाने खर्च होते. बिल्डर मूळ किंमत कमी करायला नाखूश असतो, कारण तो आकडा नोंदीला लागतो आणि वसाहतीतल्या पुढच्या घरांचा भाव त्यावरून ठरतो. क्रेडिट मात्र हसत देतो. म्हणून मागायचंच असेल तर आधी क्लोझिंगच्या खर्चासाठी किंवा व्याजदर खाली आणण्यासाठी मागा. नाही म्हटलं तरच टाइल्सकडे वळा.

आणि मग आपला सर्वांचा लाडका युक्तिवाद येतो, रीसेल. ‘उद्या विकताना वसूल होईल.’ हा पुढचा घेणारा आपल्या घरांत न दिसता वावरत असतो. त्याला ग्रॅनाइट आवडत नाही, त्याला राखाडी रंग हवा असतो, त्याला मास्टर बाथमध्ये टब लागतो. आपल्या आवडीनिवडी बाजूला ठेवून आपण या अनोळखी माणसाची सरबराई करतो. प्रत्यक्षात बँकेने पाठवलेला अप्रेझर आसपास विकल्या गेलेल्या घरांचे भाव बघून किंमत ठरवतो. तुम्ही ज्या मुठींवर दोन रात्री भांडलात, त्यांचा दाम त्याच्या कागदावर फारसा उमटत नाही. त्याने लावलेली किंमत करारातल्या किमतीपेक्षा कमी आली, तर बँक कमी आकड्यावर कर्ज देते आणि फरक तुम्हाला रोख भरावा लागू शकतो. वाढीव गोष्टींसाठी आगाऊ भरलेली रक्कम तर बहुधा परत मिळत नाही. शिवाय दोन-तीन वर्षांत विकायची वेळ आली आणि वसाहत अजून बांधलीच जात असेल, तर तुमच्या समोर कोण उभा असतो? तोच बिल्डर, कोरं घर आणि नवं क्रेडिट घेऊन.

हे सगळं असंच असायला हवं का, असा प्रश्न पडतो. इथल्याच इतिहासात त्याचं दुसरं एक उत्तर सापडतं. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७पासून उभं राहिलेलं लेव्हिटटाउन हे अमेरिकन उपनगराचं आद्य उदाहरण मानलं जातं. ती घरं अवघ्या साडेसातशे चौरस फुटांची, जवळजवळ एकसारखी. पण फ्रीज आणि कपडे धुण्याचं यंत्र घरासोबतच येई. १९५०च्या मॉडेलमध्ये तर टीव्हीही घरातच बसवलेला होता. १९४९च्या मॉडेलची किंमत होती ७,९९० डॉलर. आणि सुरुवातीच्या घरांचा वरचा माळा अर्धवट सोडलेला असे. कुटुंब वाढेल तसं ज्याचं त्याने तिथे खोल्या काढायच्या. लोकांनी काढल्याही, आणि ती घरं ओळखू येणार नाहीत इतकी बदलली. याचं गुणगान करताना हेही विसरायला नको की सुरुवातीच्या करारात गोऱ्यांखेरीज कुणी तिथे राहू नये अशी अट होती. तुम्हाआम्हाला ते दार बंदच असतं. पण बांधणीमागचा विचार मला आजही बरोबर वाटतो: गरजेचं आत्ताच द्या, वाढीला जागा ठेवा, हौस ज्याची त्याच्यावर सोडा. आजही लेनारसारखा मोठा बिल्डर ‘एव्हरीथिंग्ज इन्क्लुडेड’ म्हणून बऱ्याच गोष्टी मूळ किमतीत धरून विकतो. तिथे निवड कमी मिळते, पण फलकावरचं घर आणि मिळणारं घर यांत अंतरही कमी राहतं.

माळा अर्धवट ठेवून राहायला जाणं आपल्यालाही नवं नाही. आपल्या आईवडिलांनी घरं अशीच केली. आधी राहायला गेले, मग खिडक्यांना ग्रिल आलं, मग बाल्कनी बंद झाली, दोन दिवाळ्यांनी कडाप्प्याच्या ओट्यावर ग्रॅनाइट आलं. घराची वास्तुशांत एका दिवसात व्हायची, घर मात्र पंधरा वर्षं होत राहायचं. इथे आल्यावर आपल्याला सगळं पहिल्याच दिवशी हवं असतं, कारण वास्तुशांतीला साठ माणसं येणार असतात.

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावर एक तयार सल्ला फिरत असतो: ‘स्ट्रक्चरल बिल्डरकडून घ्या, बाकी सगळं नंतर बाहेरून करा.’ सल्ला चांगला आहे, पण अर्धा आहे. ‘नंतर’ हा शब्द आपण जितका सहज वापरतो तितका तो येत नाही. नोकरी, मुलांचे वर्ग, भारतवारी यांत नंतरचं बरंच राहून जातं. शिवाय काही गोष्टी दिसतात भिंतीवरच्या, पण वागतात भिंतीतल्यासारख्या. स्वयंपाकघरातली कपाटं घ्या. त्यांच्यावर क्वार्ट्‌झ बसतो, क्वार्ट्‌झमध्ये सिंक आणि मागे टाइल. पुढे कपाटं बदलायची म्हणजे हे सगळं उचकटायचं. म्हणून कपाटं चांगली घ्या, मुठी साध्या घ्या; मुठी पेचकसाने एका दुपारी बदलतात. लाकडी जमीनही आयलंड बसवण्याआधी झाली तर बरं. ‘याच्यावर पुढे काय बसणार आहे?’ एवढा एक प्रश्न प्रत्येक वस्तूला विचारला की यादी आपोआप चाळून निघते.

आणि काही वस्तू आपल्या राहणीसाठीच भिंतीतल्या आहेत, ज्यांचा विचार तो सल्ला लिहिणारा करत नाही. सगळ्यांत पहिली फोडणी. मूळ घरात शेगडीवर बहुधा मायक्रोवेव्ह असतो. त्याचा पंखा अनेकदा धूर जाळीतून फिरवून पुन्हा आपल्याच तोंडावर सोडतो. मिरचीच्या ठेचासाठी तव्यावर मिरच्या टाकल्या की वरच्या मजल्यावरचा अलार्म आपली जाहीर बदनामी करतो. हवा घराबाहेर नेणारी नळी भिंत बंद होण्याआधी टाकली तर किरकोळ काम. नंतर टाकायची तर छत आणि कपाटं दोन्ही कापा. फार जोरकस पंखा घेणार असाल तर बाहेरून ताजी हवा आत घेण्याची सोयही काही गावांच्या नियमांप्रमाणे करावी लागते, तेव्हा तेही आधीच विचारा. गॅरेजमध्ये विजेच्या गाडीसाठी २४० व्होल्टची जोडणी, टीव्हीच्या भिंतीत रिकामी नळी, न्हाणीघराच्या भिंतीत पुढे आधाराचे दांडे बसवता यावेत म्हणून आडवी लाकडं: ही सगळी यादीतली स्वस्त कलमं आहेत. डिझाइन सेंटरमध्ये त्यांचा नमुना मांडलेला नसतो. विचारलं तरच कळतात.

भारतीय वस्ती वाढलेल्या उपनगरांत काही बिल्डर हल्ली पूजेची खोली, ‘स्पाइस किचन’ असे पर्याय देतात. आपली दखल घेतली म्हणून बरं वाटतं. वाटू द्या. पण स्पाइस किचनमधला पंखा तरी हवा बाहेर नेतो ना, हे तिथेही विचारा.

इथवर मी जे लिहिलं ते शहाण्या माणसासारखं लिहिलं. आमच्या घराच्या वेळी हे शहाणपण नव्हतं, म्हणून तेही सांगायला हवं.

आमच्या तक्त्यात तळमजल्यावर अभ्यासिका आणि अर्धं बाथरूम होतं. त्याऐवजी झोपायची खोली आणि शॉवरसकट पूर्ण बाथरूम करून घ्यायचं तर १३,९०० डॉलर. ‘आई वर्षाआड येणार, आली तर वर राहील’ म्हणून आम्ही वीस मिनिटांत ते खोडलं. पैसे वाचवल्याचं समाधान घेऊन सहा आठवड्यांनी डिझाइन सेंटरला गेलो. तिथे स्वयंपाकघराचं पॅकेज १६,५००, क्वार्ट्‌झची पुढची लेव्हल ५,२००, खाली लाकडी जमीन ९,८००, जिन्याला गालिच्याऐवजी ओकच्या पायऱ्या ४,६०० आणि छतात चौदा दिवे २,८००. एकूण ३८,९००. एकही कलम वेडगळ नव्हतं. डिझायनरने काही गळ्यातही मारलं नाही. सगळं आम्ही स्वतः, खुशीत निवडलं.

वास्तुशांतीला आयलंडचं फार कौतुक झालं.

चौथ्या वर्षी सांगलीहून आई आली, सहा महिन्यांसाठी. मधल्या काळात तिचे गुडघे गेले होते. तिला वरची खोली झेपेना, म्हणून अभ्यासिकेत सोफा-बेड टाकला. आंघोळीला मात्र वरच जावं लागे. रोज सकाळी एकदा, सोळा पायऱ्या, कठडा दोन्ही हातांनी धरून आडवी होत होत ती चढायची आणि मी खाली उभा राहायचो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “जिना सुरेख आहे रे तुमचा. जरा निसरडा आहे, एवढंच.” त्याच आठवड्यात मी त्या ओकच्या पायऱ्यांवर गालिच्याच्या पट्ट्या चिकटवल्या.

खालच्या अर्ध्या बाथरूममध्ये शॉवर बसवायचा म्हणून नंतर आम्ही दर मागवला. जमिनीचा काँक्रीट फोडून ड्रेनेज न्यायचं, अभ्यासिकेची भिंत सरकवायची, गावाची परवानगी काढायची, सगळं मिळून ३१,००० डॉलर. आकड्यापेक्षा जास्त बोचलं ते हे, की त्या तक्त्यावर हे कलम आमच्या समोर होतं. कुणी लपवलं नव्हतं. आम्ही त्याला वेळ दिला नाही.

म्हणून आता तुम्ही निघाला असाल तर क्रम उलटा करून जा. पहिल्या भेटीत मॉडेल बघून झालं की सरळ विचारा: मूळ किमतीतल्या घराचं तपशिलाचं जोडपत्र, स्ट्रक्चरल पर्यायांची दरासकट यादी आणि डिझाइन सेंटरचे दर सहीच्या आधी मिळतील का? शेवटचे दर काही जण देत नाहीत, पण पहिल्या दोन गोष्टी मिळायला हरकत नसते. शक्य असेल तर त्याच वसाहतीतलं बांधकाम चालू असलेलं घर बघा, भिंती बंद होण्याआधीचं. तिथे घर कसं असतं ते कळतं.

मग घरी बसून, कॉफी आपली आपण करून, एकच अखेरचा आकडा ठरवा. त्यातून मूळ किंमत आणि प्लॉटचा प्रीमियम वजा करा. मग क्लोझिंगचा खर्च वजा करा. मग ज्या गोष्टी बिल्डर बहुधा देतच नाही त्या वजा करा: फ्रीज, वॉशर-ड्रायर, कुंपण, आणि खिडक्यांचे पडदे. पडदे विसरू नका. पंचवीस खिडक्यांचं नवं घर आणि पहिल्या रात्री त्यांना टाचण्यांनी लावलेल्या चादरी, हे दृश्य मी इतक्या घरांत पाहिलंय की तो आपला गृहप्रवेशाचा विधीच मानायला हरकत नाही. उरलेल्या रकमेतून आधी भिंतीतलं घ्या, त्यानंतर ज्याच्यावर दुसरं काही बसणार आहे ते. त्यातूनही उरलं तर मनापासून हौसेचं एक काहीतरी घ्या. आयलंड घ्या. मी हौसेच्या विरोधात नाही. आमचंही आयलंड आम्हाला आजही आवडतं. पण ते यादीत शेवटी यायला हवं होतं.

आणि ती स्ट्रक्चरल यादी समोर आली की त्याच दिवशी सही करू नका. दोन रात्री ती घरी ठेवा. या घरात पुढच्या पंधरा वर्षांत कोण कोण राहायला येईल, त्यांची नावं समासात लिहा, आणि प्रत्येकाचं वय तेव्हा किती असेल तेही. आम्ही आईचं नाव लिहिलं असतं तर शेजारी ७२ हा आकडा लिहावा लागला असता.